पैसे देऊन पुढचा नंबर

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २२:२२–२९ व २४:२२–२७, १ करिंथ ११:१७–३४, योहान ५:१–९, याकोब २:१–९



गेल्या वर्षी नाताळानंतर आम्ही उभयता मुलाकडे आखातात जाण्यासाठी सांबरा विमानतळावरून निघालो. बेळगावकरांना सांबऱ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलासाठी तो तळ बांधला गेला आणि प्रवाशांसाठी नवी इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये खुली झाली. नवी असली तरी ती लहानच. आम्ही गेलो त्या दिवशी तपासणीसाठी सगळ्यांची मिळून एकच रांग होती. त्या रांगेत आमच्यापुढे निपाणीकडच्या एका खेड्यातील बाई उभ्या होत्या. लेकीचे बाळंतपण करायला निघालेल्या, विमानाचा पहिलाच प्रवास, हातात स्टीलचा डबा आणि डब्यात डिंकाचे लाडू. पुढेही त्यांना आमच्याच विमानाने जायचे आहे हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "मामा, मला सोडून जाऊ नगासा," असे त्या म्हणाल्या आणि आम्हीही बरे म्हटले.

मोठ्या शहरात विमान बदलायचे होते. आमची तिकिटे मुलाने काढलेली. त्यांवर त्याने काही जादा रक्कम भरून 'प्रायॉरिटी' असे लिहून घेतले होते, हे आम्हांला तेथे गेल्यावर समजले. तपासणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने कागद पाहिले, आम्हांला डावीकडच्या मोकळ्या वाटेने पाठवले आणि बाईंना उजवीकडच्या रांगेत. ती रांग पट्ट्यांच्या आडोशांतून सात-आठ वळणे घेत गेली होती. आम्ही दहा मिनिटांत पार झालो, निवांत चहा घेतला, वर्तमानपत्र चाळले. बाई आल्या त्या विमानाचे दार लागण्याच्या बेतात असताना, घामाघूम होऊन, डब्याचे झाकण हातात वेगळे धरून. आम्हांला वाटले, त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. "मी सारखी मागं बघत हुते," त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हीच चुकलासा."

त्या एका वाक्यामुळे ह्या महिन्याचा पाठ लिहावासा वाटला.

जादा पैसे भरून तपासणी लवकर उरकून घेणे हे पाप आहे काय, असे शब्बाथशाळेच्या वर्गात कोणी विचारले तर एका शब्दात उत्तर देऊ नये असे आमचे मत आहे. ह्या व्यवहारात कोण काय विकतो, आणि जे विकतो ते मुळात कोणाचे असते, हे आधी पाहावे लागते.

आपल्या देशात विमानतळावरील तपासणीला आजचे कडक स्वरूप आले ते एका दुःखद घटनेनंतर. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर विमानतळांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली. पहिला विमानतळ जयपूरचा, फेब्रुवारी २००० मध्ये. हातातली पिशवी यंत्रातून जाते, माणूस धातुशोधक चौकटीतून जातो, मग अंगाची तपासणी, स्त्रियांची पडद्याआड. हे काम कोणा एकट्याच्या सोयीसाठी नाही. आपल्या शेजारी बसणाऱ्याची तपासणी झाली आहे म्हणून आपण निर्धास्त बसतो आणि आपली झाली आहे म्हणून तो. त्याचा खर्चही सर्वांकडून सारखाच घेतला जातो. तिकिटाच्या रकमेतच सुरक्षा शुल्क धरलेले असते. एप्रिल २०२१ पासून ते देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये व परदेशी जाणाऱ्याला १२ डॉलर असे ठरले. तान्ही बालके आणि असे थोडे अपवाद सोडले तर लाडवांचा डबा घेतलेल्या बाईने आणि पुढच्या रुंद खुर्चीत बसणाऱ्या कारखानदाराने तपासणीसाठी सारखेच पैसे दिलेले असतात, हे लक्षात ठेवावे.

तपासणीतूनच सूट असणारे काही लोक आहेत. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश अशा पदांची ती यादी. ती सूट पदाला आहे, पैशाला नाही. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्या यादीत होते. तरी एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांनी त्यांची अंगझडती घेतली. त्यांनी मुकाट्याने घेऊ दिली आणि तक्रारही केली नाही. पुढे जुलैमध्ये ही गोष्ट बाहेर आली तेव्हा संसदेत गदारोळ झाला. ज्यांचा अपमान झाला असे लोक म्हणत होते ते स्वतः शांत होते. वर्गात सांगण्याजोगी ही हकिगत आहे.

आता जादा पैशांची गोष्ट. आपल्याकडे तपासणी सर्वांची तीच असते, पण तपासणीपर्यंत पोहोचण्याची वाट मोठ्या विमानतळांवर वेगळी मिळू शकते. वरच्या वर्गाचे तिकीट असले, किंवा जादा रक्कम भरून सोबतीचा माणूस घेतला, तर ती वाट उघडते. चेहरा दाखवून आत जाण्याची 'डिजियात्रा' ही सोय डिसेंबर २०२२ पासून सुरू झाली आहे, तिला मात्र पैसे पडत नाहीत. ब्रिटनमध्ये व्यवहार अधिक उघड आहे. मँचेस्टर, स्टॅनस्टेड, ल्यूटन अशा विमानतळांवर कोणीही प्रवासी घरबसल्या काही पौंड भरून तपासणीची जलद रांग विकत घेऊ शकतो. त्याची आगाऊ चौकशी होत नाही. त्याच्याविषयी एवढेच ठाऊक असते की, त्याने पैसे भरले.

अमेरिकेतील पद्धत निराळी आहे, आणि आपल्या मंडळीतील ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी ती पाहिलीही असेल. तेथे २०११ साली 'प्रीचेक' नावाची योजना सरकारी सुरक्षा खात्याने आणली. डिसेंबर २०१३ पासून कोणाही नागरिकाला ८५ डॉलर भरून पाच वर्षांसाठी तीत नाव घालता येऊ लागले. बोटांचे ठसे द्यायचे, मागील गुन्ह्यांची चौकशी होऊ द्यायची. त्या बदल्यात रांग लहान, आणि तपासणीही हलकी. पायांतले बूट काढायला नकोत, पट्टा नको, पिशवीतून संगणक बाहेर काढायला नको. ज्याची माहिती आधीच काढली आहे त्याच्यावर कमी वेळ घालवावा आणि तो वेळ अनोळखी माणसाकडे द्यावा, ह्या विचारात तथ्य आहे. अशा योजनेने मागच्याचीही रांग हलकी होऊ शकते.

पण बुटांचीच गोष्ट पाहा. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटके लपवून विमान उडवण्याचा प्रयत्न केला. २००६ पासून अमेरिकेत सर्वांना बूट काढायला लावू लागले. लहान मुले आणि फार वृद्ध माणसे ह्यांना पुढे त्यातून मोकळीक मिळाली. इतरांनी पैसे भरून योजनेत यावे, नाहीतर अनवाणी उभे राहावे. जुलै २०२५ मध्ये तो नियम सर्वांसाठीच उठवला गेला. म्हणजे जी गोष्ट दहा-अकरा वर्षे पैसे भरणाऱ्याला सवलत म्हणून मिळत होती ती एका सकाळी सर्वांना फुकट मिळाली. यंत्रे सुधारली हे त्याचे कारण सांगण्यात आले, आणि ते खोटे मानण्याचे आम्हांला कारण नाही. तरीही एक प्रश्न मनात राहतो. एखाद्या त्रासातून सुटका विकली जात असेल, तर तो त्रास सर्वांसाठीच लवकर संपावा अशी विकणाऱ्याला किती घाई असणार?

थोडे गणित करू. समजा तपासणीचे एकच यंत्र आहे आणि त्यातून मिनिटाला चार माणसे जातात. लांब रांगेत साठ माणसे उभी आहेत. शेवटच्या माणसाला पंधरा मिनिटे लागतील. आता पैसे भरलेली वीस माणसे बाजूच्या वाटेने येऊन त्याच यंत्रापाशी आधी घेतली गेली. शेवटच्या माणसाची आता वीस मिनिटे झाली. ही पाच मिनिटे आली कोठून? पैसे भरणाऱ्याला वाटते, मी माझा वेळ विकत घेतला. विकत घेतला खरा, पण तो साठ माणसांच्या खिशातून निघाला आणि त्याची किंमत त्या साठांपैकी कोणालाही मिळाली नाही. त्याच पैशांतून दुसरे यंत्र आणले, दुसरी माणसे नेमली, तर हिशेब बदलतो. मग मागच्याचे काही जात नाही. तेव्हा भरलेल्या पैशाने रांग वाढली की यंत्र वाढले, हे पाहावे. आमच्या मते सगळी गोष्ट येथे आहे.

हा विषय विमानाने जाणाऱ्यांचाच आहे असे निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांनी समजू नये. ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना ट्रंक कॉल आठवत असतील. बेळगावहून पुण्या-मुंबईच्या नातलगांना फोन करायचा तर नंबर नोंदवून पोस्टात बसून राहावे लागे. साधा कॉल, दुप्पट दराचा अर्जंट, आणि आठपट दराचा लाइटनिंग. तारा तितक्याच असत. एकाचा लाइटनिंग लागला की बाकावर बसलेल्या दहाजणांचे साधे कॉल मागे सरकत. टेलिफोन घरी घ्यायचा तर वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, आणि मोठी अनामत भरणाऱ्यासाठी वेगळी, लहान यादी. स्कूटरचेही तसेच, परकीय चलन भरणाऱ्याला ती लवकर मिळे आणि रुपये भरणारा मुलाच्या मुंजीला नोंदवलेली त्याच्या लग्नात चालवी, असे लोक थट्टेने म्हणत. त्याच पोस्टात एक गोष्ट मात्र वेगळी होती. मृत्यूची वार्ता सांगणारी तार इतर तारांच्या आधी पाठवली जाई. तेथे रांग मोडत होती, पण गरजेपुढे मोडत होती, आणि बाकावर बसलेले कोणी त्याबद्दल कुरकुरत नसे. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली.

मग रेल्वेचे तत्काळ तिकीट आले, डिसेंबर १९९७ मध्ये. निपाणीला रेल्वे नसली तरी बेळगाव, घटप्रभा, मिरज येथून आपले लोक जातातच. गाडीतील बर्थ तेवढेच. त्यांतले काही बाजूला काढून आदल्या दिवशी जादा दराने विकायचे. ज्याचे कोणी अचानक आजारी पडले आहे त्याला ह्याचा खरोखर उपयोग होतो, आणि तो आम्हीही करून घेतला आहे. पण आजाऱ्याच्या नातलगापेक्षा दलालाचे बोट चपळ असते. म्हणून जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार जोडणे सक्तीचे झाले आणि पहिली तीस मिनिटे दलालांना बंदी आली. पासपोर्टलाही नेहमीच्या फीवर २,००० रुपये भरले की तत्काळ मिळतो. पुण्या-बंगळूर रस्त्यावर कोगनोळीच्या टोलनाक्यावर तर आता उलटा प्रकार दिसतो. वेगाने जाणारा नेहमीचा टोल देतो, आणि ज्याच्या काचेवर फास्टॅग नाही तो जास्त देतो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात पौलाला यरुशलेमच्या गढीत नेऊन फटके मारण्यासाठी वाद्यांनी बांधले आहे. तो विचारतो, रोमी माणसाला चौकशीवाचून फटके मारणे तुम्हांला कायद्याने चालते काय? सरदार घाबरून येतो. संभाषणात तो सांगून टाकतो की, आपण हे नागरिकत्व मोठी रक्कम देऊन मिळवले. पौल सांगतो, मी जन्मानेच आहे. सरदाराचे नाव क्लौद्य लुसिया. त्या काळी क्लौद्य कैसर राज्य करून गेला होता, आणि त्याच्या कारकिर्दीत दरबारातील माणसे नागरिकत्व विकत असत, आरंभी भारी किमतीला आणि पुढे अगदी स्वस्तात, असे रोमी इतिहासकार डिओ कॅसिअस सांगतो. सरदाराने कैसराचे नाव धारण केले ते ह्याच खरेदीमुळे असावे असे अभ्यासकांना वाटते.

शिक्षकांनी येथे घाई करू नये. पौलाने सवलत वापरली, हे खरे आहे. फटके चुकवण्यासाठी त्याने आपला हक्क सांगितला आणि त्यात काही कमीपणा मानला नाही. पण ती सवलत म्हणजे काय होते? चौकशीवाचून मार खाऊ नये, एवढेच. हे खरे तर प्रत्येक माणसाला मिळायला हवे होते. रोमी राज्याने ते थोड्यांना दिले आणि काहींना विकले. जे सर्वांचे असायला हवे तेच विकायला काढता येते आणि त्याला गिऱ्हाईकही भरपूर मिळते.

चोविसाव्या अध्यायात गोष्ट पुढे जाते. पौल आता कैसरीयात सुभेदार फेलिक्साच्या ताब्यात आहे. फेलिक्स त्याला वरचेवर बोलावतो, त्याच्याशी बोलतो. नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय ह्यांविषयी ऐकून भितोही. पण लूक सव्विसाव्या वचनात आतली गोष्ट सांगतो. पौल आपल्याला पैसे देईल अशी त्याला आशा होती. ही आशा त्याला कशी लागली असावी? त्याच अध्यायात पौलाने आपल्या जबाबात सांगितले आहे की, मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो. ह्याच्यामागे पैसेवाले लोक आहेत, एवढेच फेलिक्साच्या कानांनी ऐकले. पौलाने पैसे दिले नाहीत. दोन वर्षे गेली. फेलिक्स बदलून गेला आणि जाताना त्याला बंधनातच ठेवून गेला.

फेलिक्साला निकाल देण्याची अडचण काय होती? पुरावा कमी नव्हता. त्याला सवड नव्हती असेही नाही, कारण गप्पांना सवड होती. विलंब हाच त्याचा माल होता. तो लवकर संपवला असता तर विकायला काही राहिले नसते. भारत सरकारने १९६२ साली के. संथानम ह्यांच्या अध्यक्षतेखाली लाचलुचपतीविषयी एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९६४ मध्ये आला. काम लवकर व्हावे म्हणून देण्यात येणाऱ्या पैशांविषयी समितीने असे नोंदवले की, ह्या पैशांमुळे काम लवकर होण्याऐवजी हे पैसेच विलंबाचे एक मोठे कारण होऊन बसले आहेत. कारकून पैसे मिळेपर्यंत फाइल हलवत नाही आणि मग न देणाऱ्याचीही फाइल पडून राहते. फेलिक्साच्या कचेरीत हेच चालले होते.

पावती देऊन घेतलेली फी आणि टेबलाखालून घेतलेली लाच एक नव्हेत. विमानतळाची जलद रांग कायदेशीर आहे, तिचा दर जाहीर आहे, कोणीही ती घेऊ शकतो. तिला लाच म्हणणे अन्यायाचे होईल. आमचा मुलगा अप्रामाणिक नाही. आईबापांचे पाय दुखू नयेत म्हणून त्याने पैसे भरले. पण जो रांग चालवतो तोच लहान रांग विकत असेल, तर लांब रांगेविषयी त्याच्या मनात फेलिक्साची थोडी आशा शिरण्याचा धोका पावतीमुळे टळत नाही.

ह्याच्या उलट बाजूलाही बोलण्यासारखे आहे, आणि आमच्या मंडळीतील एका तरुण शिक्षकाने ते आम्हांला चांगले सुनावले. तो म्हणाला, तुम्ही रांगेला फार पवित्र मानता. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला हजारावर मजुरी मिळते. ती एखाद्या कागदासाठी दिवसभर रांगेत उभी राहिली तर त्या दिवसाच्या विड्या गेल्या. पगारी कारकुनाचा अर्धा दिवस रजेत बसतो. मग फुकटची रांग सर्वांना सारखी कशी? शंभर रुपये भरून तिचे काम तासात होत असेल तर ते तिला स्वस्तच पडेल. हे म्हणणे आम्हांला खोडता आले नाही. रांग फुकट नसते. ज्याची रोजी बुडते त्याला ती महाग पडते. म्हणून पैसे घेणारी प्रत्येक खिडकी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, साधी खिडकी इतकी बरी ठेवावी की, विड्या वळणाऱ्या बाईला शंभर रुपये काढण्याची वेळच येऊ नये. बेथेस्दाच्या तळ्यापाशी अडतीस वर्षे पडलेल्या माणसाचे गाऱ्हाणे हेच होते. त्याच्या समजुतीप्रमाणे पाणी हालल्यावर जो पहिला उतरेल तो बरा होणार, आणि त्याला उचलून सोडणारे कोणी नव्हते. (देवदूत पाणी हालवी असे सांगणारे चौथे वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, हे वरच्या वर्गाला जरूर सांगावे, सातव्या वचनातील त्याचे गाऱ्हाणे मात्र सर्व प्रतींत आहे.) प्रभूने त्याला पाण्याकडे पुढे ढकलले नाही. तो होता तेथेच त्याला बरे केले.

दुसऱ्या धर्मांच्या देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शन मिळते, ह्यावर आपल्यातील काही जण तोंडसुख घेतात. त्यांनी आपल्याच मंडळ्यांचा इतिहास पाहावा. इंग्लंड-अमेरिकेतील प्रॉटेस्टंट देवळांत एकोणिसाव्या शतकात बाके भाड्याने दिली जात. पुढचे बाक श्रीमंत कुटुंबाचे, त्याचे वार्षिक भाडे ठरलेले, आणि गरिबांसाठी मागे किंवा माडीवर थोड्या फुकट जागा. याकोबाच्या पत्रातील सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आणि मळक्या कपड्यांचा दरिद्री ह्यांची ती हुबेहूब व्यवस्था होती आणि ती चालवणारे लोक तेच पत्र उपासनेत वाचत होते. ह्याविरुद्ध भांडून १८६० साली न्यूयॉर्क राज्यात जी मंडळी निघाली तिने आपल्या नावातच 'फ्री' हा शब्द घातला; त्याचा एक अर्थ बाके फुकट असा होता. ह्याच फ्री मेथडिस्ट मंडळीचे मिशनरी पुढे यवतमाळकडे आले.

आपल्याकडे बाके भाड्याने नाहीत. पण प्रीतिभोजनाची पहिली पंगत कोणाची असते? करिंथच्या मंडळीत हेच झाले होते. ज्यांना सवड होती ते लवकर येऊन आपापले जेवण उरकीत. ज्यांना धन्याचे काम संपवून यावे लागे ते येईपर्यंत काही उरत नसे, आणि आधी आलेले पिऊन मस्त असत. पौल फार रागावतो. ह्याला प्रभुभोजन म्हणू नका असेच तो सुनावतो. पण अध्यायाच्या शेवटी त्याने सांगितलेला उपाय इतका साधा आहे की, वाचताना तो नजरेतून निसटतो. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. श्रीमंताने आपले जेवण टाकून द्यावे असे तो म्हणत नाही, भूक लागली असेल तर घरी खा असेही सांगतो. फक्त थांबा. कारखान्यातून पाळी संपवून येणारे आपले लोक आजही उशिराच येतात, आणि त्यांना पुष्कळदा भात आणि पातळ आमटी एवढेच मिळते, हे स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींना चांगले ठाऊक आहे.

लहान मुलांच्या वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. शेंगदाण्याची चिक्की आणावी, मुलांची रांग करावी आणि दोन-तीन मुलांच्या हाती आधीच रंगीत कागद देऊन ठेवावेत. कागदवाल्यांना प्रत्येक वेळी आधी बोलवावे. नंतर विचारताना पुढे गेलेल्या मुलांना विचारू नये. सर्वांत मागे राहिलेल्याला विचारावे. चिक्की सर्वांना पुरेल इतकी असावी, नाहीतर पाठ बाजूला राहील आणि रडारड होईल.

आम्ही हा प्रयोग आमच्या वर्गात केला आणि मोठ्या मुलांना सांबऱ्याची हकिगतही सांगितली. लुसिया, फेलिक्स, करिंथ सगळे झाले. मुले ऐकत होती. शेवटी आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, त्या बाईंना तुमच्याबरोबर लहान रांगेत सोडा म्हणून तुम्ही त्या माणसाला विचारलं, तर तो काय म्हणाला?"

आम्ही विचारलेच नव्हते.